तळ्याची सवाष्ण

"मूठ सैल सोडा, म्हाळसाताई," मी तिसऱ्यांदा म्हटलं. "हात आवळला की हाडं उभी राहतात."

"सैलच आहे की. तुलाच दाबता येईना."

सैल नव्हता. मी कासाराची सून. चौदा वर्षं बायकांचे हात हातात घेत आले होते. कोणता हात रडून आलाय, कोणता भांडून, हे मला नुसतं बोट धरलं तरी कळायचं. म्हाळसाताईंचा हात भांडून आला होता आणि भांडण अजून मिटलं नव्हतं.

पाटकऱ्यांचं घर सातमोरीच्या तळ्याच्या बांधावर, अगदी टोकाला. मातीचं, तीन खणांचं. ओसरीवर बसलं की तळ्याच्या पायऱ्या दिसायच्या. त्या दिवशी नको तेवढ्या दिसत होत्या. पाणी पार तळाशी जाऊन बसलं होतं, परातीतल्या उष्ट्या पाण्यासारखं. अक्षय तृतीया होती. ऊन कासराभर वर आलं होतं आणि बांधावर अख्खी सातमोरी उभी होती; माणसं, बैल, कडेवरची पोरं, बायकांच्या डोक्यांवर रिकाम्या घागरी. सगळ्यांचे डोळे माझ्या हातातल्या हाताकडे.

कडं मात्र माझ्या हातात नव्हतं. ते म्हाळसाताईंच्या भावानं, येसाजीरावांनी धरलं होतं. मी हात दाबायचा, कडं ते पुढे सरकवणार. तीन वर्षांपूर्वी माझं कुंकू पुसलं होतं, आणि तळ्याच्या कड्याला विधवेची बोटं लागू द्यायची नव्हती. मग बोलावलंत कशाला, असं विचारायची माझी पायरी नव्हती. पंचक्रोशीत माझ्यासारखा हात दाबणारं दुसरं कुणी नव्हतं. गरज पडली की कपाळ दिसत नाही.

मी सवयीनं गुणगुणले. कळ सोसायची वेळ आली की आम्ही कासारणी गातो, म्हणजे बाईचं लक्ष गाण्याकडे जातं आणि हात आपल्याकडे येतो.

*हात दे गं सैल, नको आवळू गं बोटं,*
*कळ घटकेची, मग हिरवी मनगटं.*

"गाणं पुरे," येसाजीराव म्हणाले. "दाब."

मी दाबला. अंगठ्याखालचा फुगवटा आत घेतला, करंगळी अनामिकेखाली निजवली. एवढ्यात कोणतीही बांगडी गेली असती. कडं तिथवर आलं आणि थांबलं. अडकलं नाही, थांबलं. दारात आलेलं माणूस घर चुकलंय हे कळून थांबतं, तसं.

"आई गं!" म्हाळसाताई ओरडल्या. हाताच्या पाठीवर रक्ताची रेघ उमटली होती.

येसाजीरावांनी कडं मागे घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं काही नव्हतं.

"मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले. "ते लेकीकडे जात नाही. दिलेली लेक म्हणजे पाटानं गेलेलं पाणी. तळ्यात परत येत नाही."

"आणि तुझ्या बायकोच्या, ह्या उंबऱ्यातल्या सुनेच्या हातात काल का गेलं नाही? तूप लावलंत, तेल लावलंत, रिठा लावलात. पोरीचं मनगट भाजीसारखं सोललंत."

"जाईल आज."

"माझ्या आईचं आहे ते, दादा. मी पोटची आहे."

"कडं पोटाचं नसतं. उंबऱ्याचं असतं. आईला तरी ते तिच्या आईनं दिलं होतं का? सासूनं दिलं."

हे खरं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून बांधावरची माणसं आपापसांत मान हलवू लागली. त्यातली काही म्हाळसाताईंच्या सासरची होती. ते तर ढोल-ताशा घेऊन, गाडी सजवूनच आले होते, पाटकरणीला मिरवत न्यायला. ढोलवाला ढोलाला टेकून झोपला होता.

कड्याबद्दल सांगायला हवं. दिसायला काही नव्हतं त्यात. काळसर, पंचधातूचं; ना सांधा, ना नक्षी. पण ते ज्या बाईच्या हातात असेल तिनं अक्षय तृतीयेला कोपरापर्यंत हात तळ्यात बुडवला की तळातले झरे उघडायचे. चिखलापर्यंत गेलेलं तळं दिवस मावळेतो सगळ्यात वरच्या पायरीला लागायचं, आणि मग सात मोऱ्यांतून पाळीपाळीनं सगळ्या शिवाराला पुरायचं. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या बाईला पाटकरीण म्हणायचे, आणि तळ्याची सवाष्णही म्हणायचे. तिचा नवरा गेला तरी तिच्या बांगड्या कुणी वाढवायच्या नाहीत. तिचं सौभाग्य तळ्याशी बांधलेलं.

भिवराबाई एकेचाळीस वर्षं पाटकरीण होत्या. येसाजीराव आणि म्हाळसाताईंची आई. फाल्गुनात त्या गेल्या. श्वास थांबला तसं कडं हातातून आपणहून निघालं, घरंगळत गेलं आणि पाण्याच्या रांजणाला टेकून उभं राहिलं. त्यानंतर ते कुणाच्याच हातात गेलं नव्हतं. एका हातातून दुसऱ्या हाताकडे जायची त्याची एकच रीत होती: जुन्या पाटकरणीनं जिवंतपणी नव्या बाईला आपल्या हातानं बांगडी भरायची.

"मला आईनं चार बांगड्या भरल्या होत्या. ओटीभरणाला," म्हाळसाताई म्हणाल्या.

"आणि हौसाला लग्नात अख्खा चुडा भरला होता," येसाजीराव म्हणाले.

आई लेकीला भरतेच, सासू सुनेला भरतेच. त्यानं काय ठरणार होतं?

माझ्या कनवटीला एक गाठ होती. ती मी नकळत चाचपली.

म्हाळसाताईंनी भावाच्या हातून कडं घेतलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. मग इतक्या हळू बोलल्या की ते फक्त मला ऐकू आलं.

"मला पाणी नकोय गं, कासारणी. आमच्या गावात विहिरी आहेत. हे तिच्या हातावर असायचं. लहानपणी ताप आला की ती हे माझ्या कपाळाला लावायची. गार असायचं." त्यांनी कडं परत दिलं. "आता गार लागत नाही."

येसाजीरावांनी कडं स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि फडकं माझ्या पुढ्यात ठेवलं.

"आत जा. हौसा बसलीय. चारचौघांत ओरडायला नको, म्हणून आत. शिवू नकोस, फडक्यानंच धर." मग जवळ वाकून म्हणाले, "सगुणा, तू जाणती आहेस. हात मोडला तरी बसेल. पण कडं जाऊ दे."

ते वाईट नव्हते. त्यांच्यामागे रिकाम्या घागरी उभ्या होत्या.

मधल्या खणात हौसा परातीत रिठ्याचं पाणी घेऊन बसली होती. पंचविशीची असेल. डावा हात मांडीवर उताणा ठेवलेला, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. कालच्या ओढाताणीनं मनगट लाल झालं होतं.

"ये, मावशी," ती म्हणाली. "वन्संच्या हातात गेलं नाही ना?"

"नाही."

"बरं झालं." मग जीभ चावली. "म्हणजे, वाईट झालं. त्यांना लागलं का फार?"

"खरचटलंय."

मी दार लोटलं. जमिनीलगतच्या झरोक्यातून उन्हाचा एक तुकडा परातीत पडला होता. मी फडकं सोडलं.

आमच्या धंद्याचा एक शिरस्ता आहे. कोणतीही बांगडी गिऱ्हाइकाच्या हाती चढवण्याआधी आपल्या बोटांवरून फिरवून बघायची. कुठे कंगोरा असेल, चरा असेल, तर आधी आपल्याला लागावा, तिला लागू नये. माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली ही गोष्ट. शिवू नको म्हटलेलं मी ऐकलं होतं. पण हात चौदा वर्षांचे होते, ते सांगून थोडेच ऐकतात. मी कडं उचललं आणि आतून बोट फिरवायला म्हणून बोटांत घातलं.

ते बोटांवर थांबलं नाही. माझे हात बोजे वाहून रुंद झालेले, सांधे सुजलेले. माझ्या स्वतःच्या मापाची बांगडी मलाच सापडत नसे. पण दाबावं लागलं नाही, ढकलावं लागलं नाही. ओल्या पायरीवरून पाय घसरावा तसं ते घसरलं आणि मनगटावर येऊन बसलं. गार. ऐन वैशाखात, तळाच्या पाण्यासारखं गार.

आणि परातीतलं पाणी उठलं.

मोठं काही नाही. कडेला चिकटून बसलेल्या मांजरानं मान उंच करावी, तेवढंच. पण माझा हात परातीच्या वर वीतभर होता, आणि पाणी तेवढं वर आलं, माझ्या मनगटाला लागलं आणि तिथेच राहिलं.

हौसा बघत होती.

बाहेर कुणाचा तरी बैल हंबरला. मी दुसऱ्या हातानं कडं ओढलं. ते तितक्याच सहज निघालं, आणि पाणी परातीत परत बसलं.

"तुला बांगडी भरली होती त्यांनी," हौसा म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

मी कनवटीची गाठ सोडली. आतून एक हिरवी काचेची बांगडी निघाली.

गेल्या वर्षीची गोष्ट. हीच तिथी. भिवराबाईंच्या हातात मी नव्या बांगड्या भरल्या होत्या. मोजून झाल्यावर वर एक आशीर्वादाची घालतात, तीही घातली होती. मी बांगड्यांच्या माळा आवरत होते, तर म्हातारी म्हणाली, "सगुणा, तुम्हा कासारणींना बांगड्या कोण भरतं गं?"

"आमच्या आम्हीच, आक्का. आता तर तोही प्रश्न नाही."

"बघू हात."

मला वाटलं, ज्वारी नाही तर गूळ ठेवणार. मी हात पुढे केला. तिनं तो धरला, आणि माझ्याच माळेतली एक बांगडी उचलून माझ्यावरच माझी विद्या करायला लागली. चढवताना दोन वाढवल्या. तिसरी चढली. मी रडायला लागले, तर ती हसली आणि दात नसलेल्या तोंडानं गायली:

*नाही रक्ताचं गं नातं, नाही उंबऱ्याची सत्ता,*
*पाणी हाताला विचारी, हात जाणतो गं रस्ता.*

"असू दे हातात," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

मी गावाच्या शिवेपर्यंत ती घातली. शिवेवर समोरून दोन बाया आल्या, तशी काढून कनवटीला बांधली. म्हातारीला दया आली असेल, मी मनाशी म्हटलं. वर्षभर तेच म्हणत राहिले.

"मी बाहेर सांगते," मी हौसाला म्हटलं आणि उठले.

"सांग."

ती हे इतक्या सरळपणे म्हणाली की माझेच पाय अडले.

"तुझं आहे, मावशी. मी डोळ्यांनी बघितलं. मी तरी खोटं कसं बोलू? पाणी येईल, लोक जगतील." तिनं मांडीवरचा हात उलटा केला, मग पुन्हा सुलटा. "फक्त एक आहे. काल रात्रीच ह्यांच्या मामांनी सांगितलंय. आज हिच्या हातात नाही गेलं, तर ज्येष्ठात दुसरी आणायची आणि तिचा हात बघायचा. दहा वर्षांत पोर नाही, त्यात हे. माहेरी आता भाऊ-भावजय. त्यांनी दार उघडलं तर उघडलं."

"अगं, पण माझ्या हातात गेलं तर दुसरीचं काय काम?"

"तुझ्या हातात ते जाऊ देणारायत होय?" हौसा हसली. त्या घरातलं त्या दिवसातलं ते एकमेव हसू. "कासारणीचं, ते पण..." ती माझ्या कपाळाकडे बघून थांबली. "आत्याबाई असत्या तर गोष्ट वेगळी. ते म्हणतील, हिनं विटाळलं. म्हणतील, हौसानं बघत बसून विटाळू दिलं. मग तुझं काय करतील ठाऊक नाही. माझं ठाऊक आहे."

मी तरी दार उघडलं. कडं उजव्या मुठीत होतं.

ओसरीवर पाय ठेवला आणि बांधावरची कुजबुज थांबली. सगळ्यांना वाटलं, झालं. येसाजीराव दोन ढांगांत पुढे आले.

"गेलं?"

"नाही, दादा. ते... भिवराआक्कांनी गेल्या वर्षी माझ्या..."

"तिच्या तोंडी विहीणबाईंचं नाव नको," मागून म्हाळसाताईंच्या सासूबाई म्हणाल्या. "आणि दाराच्या मधोमध काय उभी राहिलीस गं, आजच्या दिवशी? बाजूला हो. पाण्याचा रस्ता आहे तो."

"ऐकून तर घ्या. कडं माझ्या..."

"तुझ्या मुठीत कसं ते?" येसाजीरावांचा आवाज खाली गेला. "फडकं कुठाय?"

एवढंच करायचं होतं: मूठ उघडायची, कडं हातात घालायचं आणि शंभर पावलं खाली उतरायचं. पुढचं पाण्यानं सांगितलं असतं. आजही मी ती शंभर पावलं मोजते. पण दारामागे हौसा उभी होती. ती मला थांबवत नव्हती. नुसती उभी होती, दुखरा हात छातीशी धरून, बांगडी भरायला पहिल्यांदाच आलेल्या पोरीसारखी. आणि समोर दीडशे माणसं होती, जी माझा हात बघत नव्हती, कपाळ बघत होती. मला दोन्हीकडून कुणी ढकललं नाही. तरी मी मधल्या मधे चिरडले गेले.

"फडकं आत राहिलं," मी म्हटलं. "घेऊन येते."

ते अर्धं वाक्य अजून माझ्या घशात आहे.

आत येऊन मी हौसापुढे बसले. तिनं हात दिला. इतका सैल हात मी आयुष्यात धरला नव्हता. त्यात काहीच उरलेलं नव्हतं, ना भांडण, ना रडू.

"गा ना," ती म्हणाली.

मला गाता येईना. मग तीच गायली, लहान आवाजात, माझी ओवी. मी तिच्या अंगठ्याचं मूळ आत घेतलं, आणखी आत, आमच्या हातांना मुभा असते त्याहून आत. कडं थांबलं. मी थांबले नाही. वाळकी शेंग फुटावी तसा आवाज झाला, ओवी मधेच तुटली, आणि कडं गेलं.

"गेलं!" येसाजीराव बाहेर ओरडले, आणि ढोलवाला जागा झाला.

तिला मिरवत नेलं. हळद लावली, खणानं ओटी भरली. तिचा डावा हात फुगत चालला होता, तो पदराखाली झाकला. पायऱ्या उतरताना ती एकदा वळली आणि तिनं मला वाकून नमस्कार केला. बांगड्या भरून झाल्या की बाई कासारणीला वाकते, ती राणी असली तरी. रीतच आहे. मी आशीर्वादाला हात उचलला, आणि तो तसाच वर राहिला.

हौसानं पाण्याशी बसून हात बुडवला.

पाणी मागे सरलं.

लाजाळूच्या पानाला बोट लागावं तसं. तिच्या बोटांपासून सगळीकडून आखडलं आणि एक पायरी खाली गेलं. ढोल दोन ठोके वाजला आणि थांबला. हौसानं वर, लोकांकडे पाहिलं. मग ती एक पायरी उतरली आणि पुन्हा हात घातला. पाणी पुन्हा एक पायरी उतरलं. ती आणखी उतरली. ती घाई करत नव्हती. रुसलेल्या पोराच्या मागे ताट घेऊन आई फिरते, तशी ती त्या पाण्याच्या मागे जात होती. ऊन कलतं झालं तेव्हा पायऱ्या संपल्या. ती चिखलात गुडघाभर उभी होती, आणि पाणी तिच्यापासून दोन हातांवर, ताटलीएवढं, थरथरत होतं.

म्हाळसाताई पायताणं टाकून चिखलात उतरल्या. त्यांनी आपल्या पदरानं हौसाचा सुजलेला हात पुसला, कड्यावरचा चिखलही पुसला.

"चल, वहिनी," त्या म्हणाल्या. "पुरे आता. तुझंच आहे ते. घरी चल."

बांधावर बायकांनी रिकाम्या घागरी डोक्यावरून उतरवल्या. सगळ्यांनी एकाच वेळी. तो आवाज मला कुणी विचारलं तरी सांगता येणार नाही.

सातमोरी उठली. एकदम नाही, घराघरानं. जनावरं विकली, बाभळी तोडल्या, कोण नदीकाठी गेलं, कोण घाटाखाली. पुढच्या अक्षय तृतीयेला मी वाट वाकडी करून तिथे गेले. बांधाच्या टोकाला एकाच घरातून धूर निघत होता. हौसा तळ्याच्या तळाशी, भेगाळलेल्या मातीवर बसली होती. हात वाकडा बसला होता. त्यावर कडं, आणि मीच भरलेल्या हिरव्या बांगड्या.

"दुसरी आली नाही बघ, मावशी," मला बघताच ती म्हणाली. "कडं असलेलीला कोण घालवणार? पाटकरीण आहे मी." आणि भोवतालच्या मातीकडे बघू लागली.

"मला दे आता," मी म्हटलं. "गाव नाही, बघणारं नाही. मी घालते. येईल पाणी."

"मी काय कमी ओढलंय?"

तिनं हात माझ्या मांडीवर ठेवला. मी गाठोड्यातून साबण काढला, तेल काढलं, रेशमाचा दोरा काढला. दिवसभर बसले. हात दाबला, फिरवला, उलटा धरला. आमच्या धंद्यात चढवायचं शिकवतात. उतरवायचं कुणी शिकवत नाही. ते काम दगडाचं. कडं तसूभर हललं नाही. तिच्या हातात ते गरम होतं, दुपारच्या भांड्यासारखं.

संध्याकाळी तिनं हात ओढून घेतला आणि माझे डोळे आपल्या पदरानं पुसले.

"राहू दे," ती म्हणाली. "तुला दुखतंय."

त्यानंतर मी सातमोरीला गेले नाही. हौसा आणि येसाजीराव पुढे कुठे गेले, मला ठाऊक नाही. कडं ज्या हातात होतं, त्याच हातात असेल.

आता माझं वय झालंय. बांगड्यांचा बोजा केव्हाच उतरवला. ही हिरवी एक तेवढी कनवटीला आहे. सकाळी घागरीतून पाणी काढायला वाकते, आणि हात अजून वर असतानाच पाणी उठतं. गळ्याशी येतं, काठ ओलांडतं, माझ्या मनगटाला लागतं आणि वाट बघत थांबतं. मी हात मागे घेते. ते खाली जाऊन बसतं.

रोज उठतं. इतक्या वर्षांत एकदाही विसरलं नाही.